नाउरू आणि नॉर्वे : जमिनीखालचं धन आणि त्याचा हिशेब

आजच्या व्याख्यानासाठी मी दोन देश निवडले आहेत, नाउरू आणि नॉर्वे. दोघांची नावं 'न'ने सुरू होतात, याखेरीज त्यांच्यात काही साम्य असेल असं नकाशा बघून कुणालाही वाटणार नाही.

नाउरू हे प्रशांत महासागरातलं, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेलं एकुलतं एक बेट. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. किनाऱ्यालगतचा रस्ता साधारण १९ किलोमीटरचा, म्हणजे सकाळी चालायला निघालेला धडधाकट माणूस दुपारच्या जेवणापर्यंत देशाची प्रदक्षिणा पूर्ण करून घरी येईल. लोकसंख्या १२ हजारांच्या आसपास. नॉर्वे उत्तर युरोपात. मुख्य भूमीचं क्षेत्रफळ सुमारे सव्वातीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडं जास्तच. आणि एवढ्या जागेत माणसं किती? सुमारे ५५ लाख.

मग या दोघांना एका ओळीत का बसवायचं? कारण विसाव्या शतकात दोघांनाही जमिनीखालचं धन सापडलं. नाउरूला फॉस्फेट, नॉर्वेला समुद्राच्या तळाखालचं तेल आणि वायू. दोघेही काही काळ माणशी उत्पन्नाच्या यादीत जगात अगदी वरच्या रांगेत होते. आज नॉर्वेकडे जगातला सर्वांत मोठ्या सरकारी निधींपैकी एक आहे, आणि नाउरूचा मधला सगळा भाग खणून ओसाड झालेला आहे.

ही गोष्ट वर्तमानपत्रांत, परिषदांत नेहमी सांगितली जाते. कशी सांगितली जाते? एक भाऊ उधळ्या आणि एक भाऊ साठवणारा. उधळ्याने विमानं घेतली, महागड्या मोटारी घेतल्या, लंडनमध्ये संगीत नाटकावर पैसे घातले. साठवणाऱ्याने पै पै बाजूला टाकली. तात्पर्य काय, तर काटकसर करावी. ऐकायला छान आहे. पण मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे तात्पर्य इतक्या सहज हाती लागलं की मला जरा शंका येते. आज आपण ती शंका तपासू.

तुलना कशाची होते?

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती दिल्या आहेत, त्यांतली एक म्हणजे भेदाची पद्धत. दोन प्रसंग घ्या. सगळ्या बाबतींत ते सारखे असले पाहिजेत, फक्त एका बाबतीत वेगळे. परिणाम वेगळा निघाला, तर तो एक फरक हेच कारण, किंवा कारणाचा महत्त्वाचा भाग. एकाच रोपवाटिकेतली दोन रोपं, माती तीच, पाणी तेवढंच, ऊन तेवढंच. एकाला खत दिलं, एकाला नाही. आता जो फरक दिसेल तो खताचा.

उधळ्या आणि साठवणाऱ्या भावाची गोष्ट नेमकी हीच पद्धत वापरते, फक्त न सांगता. ती गृहीत धरते की दोघांना सारखंच धन मिळालं आणि स्वभाव तेवढा वेगळा होता. म्हणून परिणामाचं कारण स्वभाव. पण बाकीचं सगळं सारखं होतं का हो? ते बघितल्याशिवाय आपल्याला निष्कर्ष काढता येणार नाही. तेव्हा दोघांची कुंडली एकदा नीट मांडू या.

नाउरू : दाराला टेकवलेला दगड

१८९९ सालची गोष्ट आहे. सिडनीमधल्या एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार उघडं राहावं म्हणून एक दगड टेकवून ठेवलेला असे. तो नाउरूहून आलेला होता, आणि ते अश्मीभूत लाकूड आहे अशी समजूत होती. अल्बर्ट एलिस या तिथल्या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली. त्याने दगड तपासून घेतला. निघालं उच्च प्रतीचं फॉस्फेट, म्हणजे शेतीच्या खताचा कच्चा माल.

नाउरू तेव्हा जर्मनीची वसाहत होतं, १८८८ पासून. बेटावरचे लोक मासेमारी करत, बुआडा नावाच्या तळ्यात मासे वाढवत, नारळ आणि केवड्याच्या जातीच्या झाडांची फळं खात. १९०६-०७ च्या सुमारास खाणकाम सुरू झालं. जमीन तिथे कुटुंबांच्या मालकीची, पण सुरुवातीला जमीनमालकाला मिळे ते टनामागे अर्धा पेनी. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट ताब्यात घेतलं. युद्धानंतर राष्ट्रसंघाच्या वतीने ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड या तिघांकडे त्याचा कारभार आला. या तिघांनी मिळून फॉस्फेटसाठी एक मंडळ नेमलं, आणि ते मंडळ जागतिक बाजारभावापेक्षा कमी दराने आपापल्या देशांतल्या शेतकऱ्यांना खताचा माल पुरवत राहिलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची माती मुळात फॉस्फरसला गरीब. तिथल्या गव्हाच्या शेतांत आणि कुरणांत जी समृद्धी आली, तिच्यात नाउरूच्या जमिनीचा हिस्सा आहे. हे मी अलंकारिक बोलत नाही. ती जमीन खरोखरच उचलून तिकडे पसरली गेली.

दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतलं आणि सुमारे १२०० नाउरूवासीयांना दूरच्या ट्रक बेटांवर नेलं. त्यांतले ७३७ जण जिवंत परतले, ३१ जानेवारी १९४६ रोजी. पुढे स्वातंत्र्यासाठी त्यांनी तीच तारीख निवडली : ३१ जानेवारी १९६८. हॅमर डीरोबर्ट हे पहिले राष्ट्राध्यक्ष.

आता लक्षात घ्या, स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साठ वर्षं खणून झालेलं होतं. खाणीच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग आधीच संपलेला होता. आणि उरलेला धंदा चालवायचा, तर त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री आणि मालमत्ता नाउरूला २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन विकत घ्यावी लागली. देश नवा, काही हजार माणसांचा. त्यांतून मंत्री काढायचे, न्यायाधीश काढायचे, हिशेबनीस काढायचे, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारेही त्यांतूनच काढायचे. वाडीत भावकीच सगळी असावी आणि ग्रामसभेत कुणी कुणाला जाब विचारावा, अशी अवस्था.

नॉर्वे : तेलाआधीचं पाणी

नॉर्वेची गोष्ट १९६९ मध्ये, एकोफिस्क हे मोठं तेलक्षेत्र सापडलं तेव्हापासून सुरू करतात. मी ती आणखी साठ वर्षं मागे नेतो.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वे काही श्रीमंत देश नव्हता. १८२५ पासूनच्या शंभर वर्षांत तिथून सुमारे ८ लाख माणसं पोट भरायला अमेरिकेत गेली. पण त्या देशाकडे १८१४ पासून स्वतःची राज्यघटना होती, आणि १९०५ मध्ये स्वीडनबरोबरचं संयुक्त राज्य संपून तो पूर्ण स्वतंत्र झाला. त्याच सुमारास परदेशी कंपन्या तिथले धबधबे वीजनिर्मितीसाठी भराभर विकत घेऊ लागल्या होत्या. १९०६ मध्ये नॉर्वेच्या संसदेने घाईघाईने कायदा केला आणि पुढच्या वर्षांत तो पक्का केला. त्याचा गाभा असा : धबधबा वापरायचा परवाना मुदतीचा मिळेल, आणि मुदत संपली की सगळी बांधकामं, यंत्रं, धरणं सरकारजमा होतील, मोबदला न देता. निसर्गातलं धन भाड्याने देता येतं, विकता येत नाही, हा विचार तेलाच्या साठ वर्षं आधी तिथल्या कायद्यात, वकिलांत, कचेऱ्यांत मुरलेला होता.

म्हणून १९६२ मध्ये एका अमेरिकन तेल कंपनीने जेव्हा पत्र लिहून महिन्याला १ लाख ६० हजार डॉलर देऊ केले आणि समुद्रात शोध घ्यायची परवानगी मागितली, तेव्हा सरकारने थेट होकार दिला नाही. आधी १९६३ मध्ये त्या समुद्रतळावर आपलं सार्वभौमत्व जाहीर केलं, आणि मग क्षेत्राचे तुकडे पाडून वेगवेगळ्या कंपन्यांना मुदतीचे परवाने दिले.

यात एक माणूस सांगण्यासारखा आहे. फारूक अल-कासिम. हे इराकचे, बसऱ्याचे भूशास्त्रज्ञ. पत्नी नॉर्वेची. मुलाच्या आजारपणात चांगले उपचार मिळावेत म्हणून ते १९६८ मध्ये नॉर्वेत आले आणि काम शोधत ऑस्लोच्या उद्योग मंत्रालयात गेले. तेलाची खरी माहिती असलेली माणसं मंत्रालयात मोजकीच होती. त्यांना तिथे घेतलं गेलं. स्वतःच्या देशात परदेशी कंपन्यांशी व्यवहार कसा होतो हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं. सरकारी तेल कंपनी वेगळी आणि तिच्यावर देखरेख करणारी यंत्रणा वेगळी, ही १९७२ ची रचना घडवण्यात त्यांचा मोठा हात होता.

आणि नॉर्वेही पहिल्या दिवसापासून शहाणा होता असं समजू नका. सत्तरच्या दशकात येणाऱ्या तेलाच्या भरवशावर त्याने भरपूर कर्ज काढलं, खर्च वाढवला. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा चांगलाच फटका बसला, पुढे बँकाही अडचणीत आल्या. निधीचा कायदा झाला १९९० मध्ये, आणि त्यात पहिली रक्कम पडली ती १९९६ मध्ये. म्हणजे तेल सापडल्यावर २७ वर्षांनी! नॉर्वेला ठेच लागली, पण ठेच लागून सावरायला त्याच्याकडे जागा होती. मासेमारी होती, जहाजं होती, वीज होती, आणि तेल अजून शिल्लक होतं. नाउरूला एकच पाय होता. त्याला ठेच लागली की माणूस आडवा.

तेव्हा मिलच्या कसोटीवर आपली नीतिकथा उतरत नाही. दोन रोपं एका मातीतली नव्हती. मग तुलना सोडून द्यायची? नाही. कारण सिद्ध करायला ही तुलना कामाची नाही, पण काही प्रश्न स्पष्ट करायला फार कामाची आहे. ते प्रश्न तीन आहेत. उत्पन्न कशाला म्हणायचं? मालक कोण? आणि काय परत विकत घेता येत नाही? अर्थकारण, समाज आणि पर्यावरण ही तीन अंगं आपण या तीन प्रश्नांतून बघू.

उत्पन्न कशाला म्हणायचं?

समजा एका शेतकऱ्याने यंदा ज्वारी विकली आणि दोन लाख मिळवले. शेजाऱ्याने बांधालगतचा तुकडा विकला आणि दोन लाख मिळवले. दोघांच्या खिशात रक्कम सारखी. दोघांचं उत्पन्न सारखं का? आपल्याकडे कुठलीही आजी सांगेल, की एकाने पीक विकलं आणि एकाने रान विकलं.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात उत्पन्नाची जी व्याख्या केली, तिचा आशय आजीचाच आहे. ठरावीक काळात तुम्ही जितकं खर्च करू शकता आणि तरीही काळाच्या शेवटी सुरुवातीइतकेच संपन्न राहता, तेवढंच तुमचं उत्पन्न. त्यापलीकडचा खर्च हा मूळ भांडवलातला. गंमत म्हणजे आपण ज्या आकड्याने देश मोजतो, तो जीडीपी हा फरक करत नाही. खाणीतून काढून विकलेला माल त्यात जमेला धरला जातो, खाणीत तेवढा माल कमी झाला याची वजावट होत नाही. १९७० च्या दशकात नाउरूची गणना जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत होत होती, तेव्हा तो आकडा खोटा नव्हता. पण तो रान विकल्याचा आकडा होता.

नाउरूला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. फॉस्फेट संपणार हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यानंतरच्या दिवसांसाठी त्यांनी विश्वस्त निधी ठेवला होता. तो एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला होता. मेलबर्नमध्ये १९७७ साली उभी राहिलेली ५२ मजली नाउरू हाऊस ही इमारत त्यातलीच. अडचण कुठे झाली? सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होत राहिला, आयकर नव्हता, आणि तूट भरायला निधीतल्या मालमत्तेवर कर्ज काढलं गेलं. गुंतवणुकीचे सल्लागार बाहेरचे, त्यांच्यावर अंकुश नाही. कर्ज फिटेना. २००४ मध्ये धनकोंनी नाउरू हाऊस ताब्यात घेऊन विकली. २००५ च्या डिसेंबरात विमान कंपनीचं शेवटचं विमानही जप्त झालं.

नॉर्वेत कुलूप वेगळ्या प्रकारचं आहे. तेल कंपन्यांच्या नफ्यावर एकूण ७८ टक्के कर. सरकारला तेलातून मिळणारा निव्वळ पैसा निधीत जातो. निधीने गुंतवणूक फक्त देशाबाहेर करायची, म्हणजे देशातल्या देशात महागाई भडकत नाही आणि मंत्र्याला आपल्या मतदारसंघातल्या कारखान्यात निधीचे पैसे घालता येत नाहीत. आणि २००१ पासून संकेत असा, की सरकारने दरवर्षी सरासरीने निधीच्या अपेक्षित परताव्याइतकीच रक्कम वापरायची. तो आधी ४ टक्के धरला होता, २०१७ पासून ३ टक्के धरतात. म्हणजे मुद्दल राहू द्यायचं आणि व्याज खायचं. हिक्सची व्याख्याच अंदाजपत्रकात बसवली म्हणा ना. २०२४ च्या अखेरीस निधी सुमारे २० लाख कोटी क्रोनरवर होता, माणशी ३५ लाख क्रोनरहून जास्त. जगातल्या शेअरबाजारांत नोंदलेल्या सगळ्या कंपन्यांचा सरासरी दीड टक्का हिस्सा त्या निधीकडे आहे, त्यात आपल्या भारतातल्या कंपन्याही आल्या.

मालक कोण?

आता समाजाकडे येऊ. नाउरूत जमीन कुटुंबांची, त्यामुळे रॉयल्टीचा एक भाग थेट जमीनमालकांना मिळे. ऐकायला हे न्याय्य वाटतं, आणि वसाहतीच्या काळातल्या लुटीनंतर त्या लोकांना ते हक्काचं वाटलं तर नवल नाही. पण ज्या पिढीच्या हातात पैसा आला ती आजची पिढी. जी अजून जन्मलीच नाही, तिच्या वतीने बोलणारं कोण?

जॉन रॉल्स यांच्या १९७१ च्या न्यायविषयक ग्रंथात या प्रश्नावर विचार आहे. ते म्हणतात, कल्पना करा की तुम्ही नियम ठरवायला बसला आहात, पण आपण कुठल्या पिढीत जन्मणार आहोत हे तुम्हाला माहीत नाही. खाण सुरू होताना, की खाण संपल्यावर? अशा अवस्थेत तुम्ही बचतीचा काय नियम ठराल? कुठलाही शहाणा माणूस, खाण संपल्यावर जन्मलो तरी जगता येईल असाच नियम ठरवेल. नॉर्वेने तेलाचा मालक सगळा समाज मानला आणि त्या समाजात पुढच्या पिढ्याही धरल्या. हे त्याचं मोठं श्रेय आहे आणि ते द्यायलाच हवं.

पण 'सगळा समाज' म्हणताना कुणी सुटतंय का, हेही बघायला हवं. नॉर्वेच्या उत्तर भागात सामी हे तिथले मूळनिवासी राहतात. रेनडिअरचे कळप पाळणं हा त्यांच्या संस्कृतीचा कणा. १९७९ ते ८१ या काळात आल्टा नदीवरच्या धरणाला त्यांनी मोठा विरोध केला, तरी धरण झालं. अलीकडे फोसेन भागात त्यांच्या चराऊ जमिनींवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की यामुळे सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला आहे. पवनचक्क्या मात्र निकालानंतरही फिरत राहिल्या. म्हणजे हरित ऊर्जा देशाची, आणि तिची किंमत मोजणार मूठभर पशुपालक. जगातल्या आदर्श समजल्या जाणाऱ्या देशातही 'आपण' या शब्दाची वेस कुठे संपते, हे असं एखाद्या प्रसंगातच कळतं.

नाउरूच्या समाजाची किंमत माणसांच्या शरीरावर दिसते. शेतीजोगी जमीन गेली, मासेमारीची सवय गेली, डबाबंद अन्न जहाजाने येऊ लागलं. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी आहे. सरासरी आयुर्मान साठीच्या आसपास. नॉर्वेचं ८० च्या वर. आणि पैसा संपल्यावर देशाने काय विकलं? २००१ पासून ऑस्ट्रेलियाने आश्रय मागायला आलेल्या लोकांना ठेवण्यासाठी नाउरूवर छावण्या उभारल्या आणि त्याचे पैसे दिले. मधला काही काळ सोडता ते चालू राहिलं. माल संपल्यावर जागा विकली, असं म्हणायचं.

काय परत विकत घेता येत नाही?

तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. नाउरूच्या मधल्या पठारावरचं फॉस्फेट चुनखडीच्या सुळक्यांच्या फटींत भरलेलं होतं. ते काढून घेतल्यावर उरले नुसते सुळके, काही दोन-तीन मजली घराएवढे उंच. तिथे चालता येत नाही, पेरता येत नाही, घर बांधता येत नाही. बेटाच्या सुमारे पाचांपैकी चार भागांची ही गत झाली. माणसं किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात, आणि समुद्राची पातळी वाढते आहे. मागे सरकायला जागा आहे, पण ती राहण्याजोगी उरलेली नाही.

१९६४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने तोडगा सुचवला होता : सगळ्या नाउरूवासीयांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर जाऊन राहावं. बेट मोठं होतं, जमीन चांगली होती. नाउरूने नकार दिला. कारण तिथे ते ऑस्ट्रेलियाचे नागरिक झाले असते, नाउरू हे राष्ट्र उरलं नसतं. हा नकार मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या लोकांना आपण उधळे म्हणतो, त्यांनी सांगितलं की आमची जमीन म्हणजे काही चौरस किलोमीटर नव्हे. तेवढेच किलोमीटर दुसरीकडे दिलेत म्हणून हिशेब पुरा होत नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी श्रीलंकेचे कायदेपंडित वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला, आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. स्वातंत्र्याआधी खणलेली जमीन पूर्ववत करून द्या, ही मागणी. खटला चालवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असं न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवलं. १९९३ मध्ये तडजोड झाली आणि ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मान्य केले. पैसे मिळाले. पण पठार आजही बहुतांश तसंच आहे.

अर्थशास्त्रात यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, निसर्गाचं धन कमी झालं तरी चालेल, त्याच्या बदल्यात तेवढ्याच मोलाचं दुसरं भांडवल उभं करा, रस्ते, शाळा, शेअर. बेरीज कायम राहिली की झालं. दुसरं म्हणतं, काही गोष्टींना बदली नाही. पाणी, माती, हवामान यांचा तोटा शेअरने भरून येत नाही. नॉर्वेचा निधी हा पहिल्या मताचा विजयस्तंभ आहे. नाउरूचं पठार हा दुसऱ्या मताचा पुरावा आहे.

आणि इथे नॉर्वेचीही परीक्षा घ्यावी लागते. त्या देशात जवळजवळ सगळी वीज पाण्यापासून होते. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी १० पैकी जवळपास ९ विजेवर चालणाऱ्या होत्या. कौतुकास्पद आहे. पण तेल आणि वायू काढणं चालू आहे, ते निर्यात होतं, आणि जाळलं जातं दुसऱ्यांच्या देशात. आंतरराष्ट्रीय हिशेबाच्या पद्धतीप्रमाणे तो धूर जाळणाऱ्याच्या खात्यावर पडतो. घर स्वच्छ आहे, केर उंबऱ्याबाहेर गेला आहे. नाउरूने जे नुकसान केलं ते स्वतःच्या अंगणात, सगळ्यांना दिसेल असं. नॉर्वेच्या मालाने होणारं नुकसान जगभर पातळ पसरतं, आणि त्यात वाढणाऱ्या समुद्राचं पाणी शेवटी नाउरूच्या त्या चिंचोळ्या पट्टीवरच येतं. दोन देशांमधलं हे नातं उधळ्या-साठवणाऱ्याच्या गोष्टीत कुठेच येत नाही.

समुद्राच्या तळाशी भेट

अलीकडे या दोन देशांची आणखी एका ठिकाणी गाठ पडली. जून २०२१ मध्ये नाउरूने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला कळवलं की आम्ही पुरस्कृत केलेल्या कंपनीला खोल समुद्रातले धातूंचे गोळे काढायचे आहेत, तेव्हा दोन वर्षांत नियम पूर्ण करा. ती कंपनी एका कॅनेडियन कंपनीची शाखा. इकडे जानेवारी २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेने आपल्या ताब्यातला सुमारे २ लाख ८० हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ खनिजांच्या शोधासाठी खुला करायला मंजुरी दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, एका छोट्या पक्षाने अंदाजपत्रकाला पाठिंबा देण्यासाठी घातलेल्या अटीमुळे, परवान्यांची पहिली फेरी थांबवावी लागली.

बघा, एकाकडे काहीच उरलेलं नाही आणि एकाकडे मोजता येणार नाही इतकं आहे, तरी दोघांचाही हात त्याच दिशेला गेला. गरज म्हणून एकाचा, सवय म्हणून दुसऱ्याचा. खोल समुद्राच्या तळाची जीवसृष्टी बिघडली तर ती किती शतकांनी सावरेल, सावरेल की नाही, हा तिसरा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो. आणि त्याचं उत्तर किती मोठा निधी आहे यावर अवलंबून नाही.

आपल्यासाठी

हे सगळं आपल्याला दूरचं वाटू नये. गोव्याच्या लोहखनिजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये निकाल दिला, तेव्हा वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतला १० टक्के वाटा एका कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं, पुढच्या पिढ्यांसाठी. त्या चर्चेत नॉर्वेचं उदाहरण अनेकांनी दिलं, आणि ते योग्यच होतं. फक्त त्याच्या शेजारी नाउरूचंही उदाहरण ठेवायला हवं. निधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याचं काही अंशी देतो. डोंगर कापला, त्याखालचे झरे आटले, भातशेतीत खाणीचा गाळ उतरला, तर त्याचं उत्तर निधीतल्या आकड्यात नसतं. ते आधीच, खणायच्या अगोदर विचारावं लागतं.

म्हणून जेव्हा कुठेही खाण, वाळू, जंगल, पाणी यांची चर्चा निघेल तेव्हा हे तीन प्रश्न याच क्रमाने नव्हे, उलट्या क्रमाने विचारा. काय परत मिळणार नाही? ते कुणाचं आहे, आणि त्या 'कुणाच्या'त न जन्मलेले आणि कडेला राहणारे धरले आहेत का? आणि सगळ्यात शेवटी, पैसे किती मिळतील आणि त्यातलं पीक किती, रान किती? आपल्याकडे बहुतेक वेळा तिसऱ्यापासून सुरुवात होते आणि पहिल्यापर्यंत चर्चा पोचतच नाही.

वेळ झाली आहे. नेहमीप्रमाणे तुमचे प्रश्न लिहून पाठवा. विशेषतः निसर्गाच्या भांडवलाला बदली असते की नसते, यावर माझ्याशी असहमत असणाऱ्यांनी जरूर लिहावं. पुढच्या वेळी सुरुवात त्यांच्यापासून करू.